निळ्या पडद्यावरचा सल्ला

संगणक बिघडला की पडद्यावर जो मजकूर उमटतो तो आपण सहसा वाचत नाही. घाबरून बटण बंद करतो. पण हा मजकूरही कुणीतरी, कुणासाठी तरी लिहिलेला असतो. तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याप्रमाणे त्याचीही चिकित्सा व्हायला हवी. इथे आम्ही असा एकच उतारा तपासायला घेतला आहे. तो विंडोज एक्सपी या कार्यप्रणालीतला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जानेवारी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टा ही नवी कार्यप्रणाली सर्वसामान्य ग्राहकांसाठी आणली. ती अनेकांना जड वाटली. जुने प्रिंटर तिच्याशी जुळेनात. प्रयोगशाळांची अडचण निराळी होती: मोजमापाच्या उपकरणांसोबत आलेली काही कार्डे एक्सपीवरच चालत. म्हणून नव्या संगणकावरची व्हिस्टा काढून पुन्हा एक्सपी बसवण्याचा मार्ग पुष्कळांनी धरला. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट या आवृत्त्यांच्या परवान्यात तशी मुभाही होती. पण बऱ्याच यंत्रांवर एक्सपी सुरू होता होताच निळा पडदा येई.

त्या पडद्यावरच्या मजकुराचा आशय असा: बिघाड आढळल्यामुळे, नुकसान टळावे म्हणून विंडोज बंद केले आहे. हा पडदा पहिल्यांदाच दिसत असेल तर संगणक पुन्हा सुरू करा. पुन्हा दिसला तर व्हायरस आहे का ते पाहा, नव्याने बसवलेली हार्ड डिस्क किंवा तिचा नियंत्रक काढून टाका, डिस्कची जोडणी तपासा, डिस्क तपासण्याची आज्ञा चालवा. सर्वांत खाली 'स्टॉप' हा शब्द आणि शेवटी '७बी' असलेला एक आकडा. हा आकडा षोडशमान पद्धतीतला आहे. आपल्या दशमान पद्धतीत तो १२३ होतो.

हा सल्ला बरोबर आहे का? त्यासाठी संगणक सुरू कसा होतो ते पाहू. बटण दाबल्यावर प्रथम जागा होतो तो बायोस. डिस्क वाचण्याची त्याची स्वतःची सोय असते. तिच्या आधारे विंडोजचा गाभा स्मृतीत येतो आणि कारभार हाती घेतो. यापुढे डिस्क वाचायची ती विंडोजने, आपल्या ड्रायव्हरच्या मदतीने. वाटाड्याने आपल्याला वेशीपर्यंत आणून सोडावे आणि आत गेल्यावर त्या गावाची बोलीच येऊ नये, तशी एक्सपीची गत इथे होई. एक्सपी २००१ सालची, तर साटा डिस्कशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत २००४ सालची. नव्या संगणकांत ती पद्धत चालू असे आणि एक्सपीजवळ तिचा ड्रायव्हर नसे. ज्या डिस्कवरून आपण आलो तीच आता सापडत नाही, असे कळताच गाभा थांबे.

आता सल्ल्याचे एकेक कलम तपासू. व्हायरसचा इथे संबंध नाही. डिस्क नवी नाही, ती संगणकासोबतच आलेली आहे. जोडणीही शाबूत आहे, कारण त्याच डिस्कवर आदल्या दिवशी व्हिस्टा चालत होती. आणि डिस्क तपासण्याची आज्ञा चालवायची कुठे? विंडोज सुरू झाले तर ना! पुन्हा सुरू करून पाहिले तरी ड्रायव्हर आपोआप उगवणार नाही. पाचही सूचना पाळून वाचक जिथल्या तिथेच राहतो.

याहून गंभीर दोष दुसराच आहे. मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक कागदपत्रांत या ७बी आकड्याला नाव आहे. त्याचा अर्थ 'सुरू होण्याची डिस्क हाती लागत नाही' असा होतो. म्हणजे अचूक निदान उपलब्ध होते. पण एक्सपीच्या या पडद्यावर ते नावच छापलेले नाही; फक्त आकडा आहे. निदान लपवले आणि अंदाज मोठ्या अक्षरांत छापले!

लेखकाची बाजूही पाहायला हवी. २००१ मध्ये हा मजकूर लिहिणाऱ्याला २००४ ची पद्धत ठाऊक असणे शक्य नव्हते. नुकसान होण्यापूर्वी थांबण्याचा निर्णयही योग्यच. परंतु २००८ मध्ये तिसरा सर्व्हिस पॅक आला, तेव्हाही ना ड्रायव्हर आला, ना मजकूर बदलला.

अशा मजकुराचे परिणाम आम्ही पाहिले आहेत. सल्ला निरुपयोगी ठरला की लोक 'फॉरमॅट मारू' या एकमेव उपायाकडे वळतात आणि सुखरूप असलेल्या डिस्कवरचे फोटो, गुणपत्रके, प्रबंधाची प्रकरणे पुसली जातात. वास्तविक उपाय छोटा होता. बायोसमध्ये डिस्कची पद्धत एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर आणायची, किंवा एक्सपी बसवताना एफ६ कळ दाबून ड्रायव्हर पुरवायचा. यातही विनोद असा की हा ड्रायव्हर फ्लॉपीवरून मागितला जाई, आणि नव्या लॅपटॉपना फ्लॉपीचे खाच उरलेलेच नव्हते. आयडीईवर एक्सपी बसवून, मग 'वेग वाढेल' म्हणून पद्धत परत बदलली, तर तोच पडदा पुन्हा हजर!

पुढे सुधारणा झाली का? अर्धीच. २०१२ च्या विंडोज ८ ने रडका चेहरा आणला आणि बिघाडाचे नाव दाखवायला सुरुवात केली, पण काय करावे ते सांगणे सोडून दिले. २०२५ मध्ये विंडोज ११ चा हा पडदा काळा झाला, चेहराही गेला. सल्ला मात्र आला नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ११ वरून १० कडे परतणारे आहेत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय चालू असते. तिचा ड्रायव्हर दिला नाही तर विंडोज १० बसवताना डिस्क दिसतच नाही. आणि विंडोज बसवल्यावर ती सोय बंद केली तर सुरू होताना तोच जुना बिघाड भेटतो. इथेही डिस्क निर्दोषच असते. मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची किल्ली लिहून ठेवावी. ती मागितली जाण्याचा संभव असतो.

आमच्या मते त्या पडद्यावर एवढेच हवे होते: 'मला सुरू होण्याची डिस्क सापडत नाही. डिस्क खराब असेलच असे नाही. शेवटचे सुरळीत चालल्यानंतर काय बदलले? बायोसमधील डिस्कची पद्धत आणि ड्रायव्हर आधी तपासा. तोवर काहीही पुसू नका.'

वर्गात हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. मुलांना मूळ मजकुराचा आशय सांगावा, संगणक सुरू होण्याचे टप्पे फळ्यावर मांडावेत आणि प्रत्येक सूचना कोणत्या पुराव्याने खोडली जाते ते विचारावे. मग पाच ओळींत स्वतःचा मजकूर लिहायला सांगावे. मुले आमच्यापेक्षा चांगला लिहितील, अशी आमची अपेक्षा आहे.