टीएचडीचा एक आकडा आणि त्यामागे लपलेला वेव्हफॉर्म



पेटची तयारी करणाऱ्या ज्युनिअर्सकडून एक प्रश्न हमखास येतो: "ताई, पेपर वाचायचा म्हणजे नेमकं बघायचं काय?" आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून देते. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे, इन्व्हर्टरचं.

घरगुती इन्व्हर्टरवरचे पेपर आणि प्रोजेक्ट रिपोर्ट तुम्ही वाचले असतील. साचा ठरलेला असतो. ब्लॉक डायग्राम, सर्किट, सिम्युलेशनमधली सुंदर साइन वेव्ह, एफएफटीचा आलेख आणि शेवटी निष्कर्ष: "टीएचडी अमुक टक्के आहे, म्हणून आउटपुटचा दर्जा चांगला आहे." माझा आक्षेप त्या 'म्हणून'वर आहे. आणि टीका स्वतःपासूनच सुरू करते, कारण माझ्या एम.एस्सी. प्रोजेक्टचं शेवटचं वाक्यही अगदी हेच होतं.

प्रोजेक्ट जमा झाला, मार्क मिळाले. सुट्टीत घरी गेले तर वडिलांनी विचारलं, "लाईट गेली तर कॉम्प्युटर चालू राहतो, पण लाईट परत आली की रीस्टार्ट होतो. असं का?" घरी जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "टीएचडी जास्त आहे ना, म्हणून." उत्तर चुकीचं होतं. का ते आता बघू.

आधी उजळणी. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, आरएमएस २३० व्होल्ट, पीक सुमारे ३२५ व्होल्ट. आकार बिघडला की ५० हर्ट्झच्या मूळ लहरीसोबत १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लहरी, म्हणजे हार्मोनिक्स येतात. या सगळ्या हार्मोनिक्सचा एकत्रित आरएमएस भागिले मूळ लहरीचा आरएमएस, हा झाला टीएचडी.

आता दोन वेव्हफॉर्म घ्या. पहिला साधा स्क्वेअर: अर्धं आवर्तन, म्हणजे १० मिलिसेकंद +२३० व्होल्ट, पुढची १० मिलिसेकंद −२३०. दुसरा, बाजारात ज्याला 'मॉडिफाइड साइन वेव्ह' म्हणतात त्या जातीचा: दर अर्ध्या आवर्तनात ५ मिलिसेकंद ३२५ व्होल्ट आणि उरलेली ५ मिलिसेकंद शून्य. दोघांचाही आरएमएस २३०.

टीएचडी काढा. पहिल्याचा ४८.३ टक्के. दुसऱ्याचाही ४८.३ टक्के! मला वाटलं मीच कुठेतरी चुकले, म्हणून एकेक हार्मोनिक काढला. दोन्हींत मूळ लहर सुमारे २०७ व्होल्ट, तिसरा हार्मोनिक ६९, पाचवा ४१, सातवा ३०. सगळे सारखे. कारण सोपं आहे: दुसऱ्या वेव्हच्या फूरिये मालिकेत प्रत्येक पदाला ४५ अंशांच्या विषम पटीची साइन गुणली जाते, आणि ती नेहमी +०.७०७ किंवा −०.७०७ येते. म्हणजे फरक फक्त चिन्हांचा, अर्थात फेजचा. आणि आपण पेपरमध्ये एफएफटीचा जो बार-चार्ट छापतो, त्यात फेज नसतेच. दोन्ही वेव्हचे बार-चार्ट एकावर एक ठेवले तर तंतोतंत जुळतील.

पण घरातल्या वस्तूंना हा फरक बरोबर कळतो.

कॉम्प्युटरच्या साध्या पॉवर सप्लायमध्ये रेक्टिफायरनंतर मोठा कपॅसिटर असतो, आणि तो पीक व्होल्टेजपर्यंत चार्ज होतो. दुसऱ्या वेव्हवर तो ३२५ च्या जवळ जाईल, पहिल्यावर २३० वरच थांबेल. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून साठलेली ऊर्जा थेट निम्मी. आता वडिलांचा प्रश्न आठवा. लाईट जाते तेव्हा कपॅसिटर मेन्सच्या ३२५ वर भरलेला असतो, त्यामुळे रिले पलटायला लागणारी काही मिलिसेकंदं तो निभावून नेतो. लाईट परत येते तेव्हा तो २३० वर असतो. रिले पलटेपर्यंत पुरत नाही आणि मशीन रीस्टार्ट होतं. पुढे डिफरन्शियल प्रोब लावून ऑसिलोस्कोपवर पाहिलं, तर पीक खरंच २३० च्या आसपास होता. दोष टीएचडीचा नव्हता, पीकचा होता.

ट्रान्सफॉर्मरची गोष्ट उलटी. त्याच्या गाभ्यातला फ्लक्स व्होल्टेज गुणिले वेळ यावर ठरतो. अर्ध्या आवर्तनात साइन वेव्ह सुमारे २.०७ व्होल्ट-सेकंद देते, स्क्वेअर २.३०, मॉडिफाइड १.६३. म्हणजे स्क्वेअरवर गाभा साइनपेक्षा ११ टक्के जास्त ताणला जातो आणि सॅच्युरेशनकडे सरकतो. मॉडिफाइडवर उलट आरामात असतो. साधा मल्टिमीटरसुद्धा फसतो. जो मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो, तो पहिल्या वेव्हला २५५ दाखवेल आणि दुसरीला १८०. खरा आरएमएस दोन्हीकडे २३०च!

मग टीएचडी निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. हार्मोनिक्समुळे पंख्याच्या वाइंडिंगमध्ये होणारी जादा उष्णता किंवा दोन फिल्टरांची तुलना यासाठी तो कामाचा आहे. तक्रार आकड्याबद्दल नाही, एकट्या आकड्यावर निकाल देण्याबद्दल आहे.

'प्युअर साइन'वाले पेपरही यातून सुटत नाहीत. तिथे मला तीन गोष्टी खटकतात.

एक, लोड. बहुतेक ठिकाणी लोड म्हणून शुद्ध रेझिस्टर असतो. घरात मात्र कॉम्प्युटर, टीव्ही, चार्जर असतात, आणि ते फक्त पीकजवळ करंट ओढतात. त्यामुळे साइनचा माथा चपटा होतो. आयईसी ६२०४०-३ हे यूपीएसचं मानक हा फरक स्पष्ट करतं: लिनिअर आणि ठरवून दिलेला नॉन-लिनिअर, अशा दोन्ही लोडवर आकार टिकला तर 'एस' वर्ग, फक्त लिनिअरवर टिकला तर 'एक्स'. माझा प्रोजेक्ट प्रामाणिकपणे बघितला तर 'एक्स'च्या पुढे त्याने काहीच सिद्ध केलं नव्हतं.

दोन, मोजणी कुठपर्यंत? पन्नासाव्या हार्मोनिकपर्यंत मोजलं तर २.५ किलोहर्ट्झपर्यंतच बघितलं जातं. स्विचिंग २० किलोहर्ट्झवर असेल तर त्याचा सगळा रिपल हिशोबाबाहेर राहतो. आकडा गोंडस दिसतो, वेव्ह नाही.

तीन, व्याख्या. भागाकार मूळ लहरीने केला की एकूण आरएमएसने? त्याच स्क्वेअर वेव्हचा टीएचडी पहिल्या पद्धतीने ४८.३, दुसऱ्या पद्धतीने ४३.५. व्याख्या न लिहिता दोन पेपरांची तुलना करणारे तक्ते मी स्वतः बनवले आहेत. आता लाज वाटते.

तर पेपर वाचताना काय बघायचं? निष्कर्षातला आकडा दिसला की थांबा आणि विचारा: हाच आकडा देणारी, पण वेगळी वागणारी दुसरी गोष्ट असू शकते का? असेल, तर तो आकडा एकटा पुरावा होत नाही. सिनॉप्सिससाठी रिसर्च गॅप शोधताना मला या एका प्रश्नाचा जितका उपयोग झाला, तितका भाराभर पेपर डाउनलोड करून झाला नव्हता.

गृहपाठ: वरच्या दोन वेव्ह पायथॉन किंवा सायलॅबमध्ये काढा, एफएफटी घ्या, आणि फेजचा आलेखही छापा. दहा-बारा ओळींचं काम आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवून सोडून देऊ नका, स्वतः करून बघा.