उमेदवारीची वर्षे : बाळकृष्ण दोशी यांच्या आरंभीच्या वास्तुरचना

कलावंताच्या आरंभकाळाविषयी लिहिताना टीकाकाराकडून बहुधा दोन चुका होतात. पहिली, उत्तरायुष्यातील कीर्तीच्या उजेडात तो आरंभ पाहणे आणि प्रत्येक लहानसहान गोष्टीत पुढील मोठेपणाची चाहूल शोधणे. दुसरी याच्या नेमकी उलट, आरंभीची सारी कृती गुरूच्या खात्यावर जमा करून मोकळे होणे. बाळकृष्ण दोशी यांच्या बाबतीत या दोन्ही चुका एकाच वेळी घडल्या आहेत. 2018 मध्ये प्रिट्झ्कर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय वास्तुविशारद. 2022 मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदक त्यांना लाभले, आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या लिखाणाला साहजिकच गौरवाचा सूर आहे. गौरव योग्यच आहे. परंतु गौरव म्हणजे समीक्षा नव्हे. प्रस्तुत लेखात 1947 ते 1963 या कालखंडापुरताच विचार केला आहे, म्हणजे शिक्षण, उमेदवारी आणि पहिल्या काही इमारती एवढाच.

दोशींचा जन्म 26 ऑगस्ट 1927 रोजी पुण्यात, दोन पिढ्या लाकडी सामानाचा व्यवसाय करणाऱ्या एका मोठ्या एकत्र कुटुंबात झाला. माणसे वाढत गेली तसे घर वाढत गेले, अशी बालपणीच्या घराची आठवण त्यांनी सांगितली आहे. या आठवणीपासून थेट इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीपर्यंत (1989), म्हणजे रहिवाशाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवीत न्यावयाच्या घरांपर्यंत, सरळ रेषा ओढण्याचा मोह अनेकांना झाला आहे. आम्हांला ही रेषा फार सरळ वाटते. एकत्र कुटुंबाच्या वाढत्या घरात वाढलेली मुले त्या काळी पुण्यात हजारोंनी होती. ती सारी वास्तुविशारद झाली नाहीत. आणि जो झाला त्याच्या पहिल्या दहा वर्षांच्या कामांत वाढत्या घराची कल्पना ठळकपणे दिसत नाही. ती त्याला पुढे आठवली, हे अधिक खरे. आठवण ही पुष्कळदा कारण नसते, निवड असते.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये दोशी 1947 मध्ये दाखल झाले. या संस्थेवर क्लॉड बॅटली यांच्या दीर्घ कारकीर्दीचा ठसा होता. 1923 पासून वीस वर्षे ते तेथील वास्तुकला विभागाचे प्रमुख होते, आणि जुन्या भारतीय इमारतींची प्रत्यक्ष मापे घेऊन रेखाटने करण्यावर त्यांचा भर असे. मापून काढलेल्या चित्राचे महत्त्व आज आपण विसरत चाललो आहोत. जोत्याची उंची, खांबाचा घेर, छज्जाची झेप ही मापे हाताने घेतल्यावर इमारत डोळ्यांतून बोटांत उतरते. परंतु या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. मापलेली इमारत ही पूर्ण झालेली, बहुधा पूर्वीच मृत झालेली इमारत असते. ती उभी राहत असताना काय अडचणी आल्या, पैसा कोठून आला, कोणत्या गवंड्याने काय नाकारले, हे मापांतून कळत नाही. दोशींना हे ज्ञान जे. जे. मध्ये मिळाले नाही, आणि पॅरिसमध्येही ते अर्धेच मिळाले, असे आमचे मत आहे.

मुंबईतील काही वर्षांनंतर दोशी बोटीने लंडनला गेले. उद्देश असा की ज्या रॉयल इन्स्टिट्यूटने सत्तर वर्षांनी त्यांना सुवर्णपदक दिले तिचे सभासदत्व मिळवावे. 1951 च्या उन्हाळ्यात हॉड्सडन येथे आधुनिक वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे आठवे अधिवेशन भरले. तेथे ल कॉर्ब्यूझिए चंडीगडचे काम करीत असल्याचे ऐकून या तरुणाने त्यांच्याकडे जागा मागितली. स्वहस्ताक्षरात अर्ज पाठवावा, असे उत्तर आले. अर्ज गेला, आणि फ्रेंचचे एक अक्षर येत नसता दोशी पॅरिसला पोचले. पहिले आठ महिने वेतन नव्हते. ब्रेड, चीज आणि ऑलिव्ह यांवर दिवस काढल्याचे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

ही कथा आता वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांत आख्यायिकेसारखी सांगितली जाते, आणि तेथेच आमची हरकत आहे. आपल्याकडे गुरुगृहीच्या कष्टांची परंपरा जुनी. त्यामुळे विनावेतन श्रमाला तपश्चर्येचे नाव देणे सोपे जाते. वस्तुतः या आठ महिन्यांवरून एवढेच सिद्ध होते की दोशींच्या अंगी असामान्य चिकाटी होती. त्यावरून कोणत्याही कार्यालयाला नवख्या पदवीधराचे वेतन बुडविण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. ज्याच्या मागे कोणी उभे आहे, किंवा ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही, त्यालाच असे आठ महिने परवडतात. ज्यांना परवडले नाहीत त्यांची आत्मचरित्रे लिहिली गेली नाहीत, म्हणून त्यांच्यातील गुण आपल्याला ठाऊक नाहीत. दोशींची कथा सांगावी. नियम म्हणून सांगू नये.

र्यू द सेव्ह्र येथील 35 क्रमांकाची ती कार्यशाळा एका जुन्या मठाच्या लांबट ओवरीत होती. गुरू सकाळी घरी चित्रे काढीत आणि दुपारी तेथे येत. दोशींच्या वाट्याला चंडीगडचे उच्च न्यायालय, राज्यपालांचा नियोजित प्रासाद आणि अहमदाबादच्या इमारती यांची रेखाटने आली. मापांसाठी ‘मोड्यूलर’ ही गुरूची स्वतःची श्रेणी प्रमाण मानावयाची. तिचा पाया म्हणजे सहा फूट उंचीचा, 1.83 मीटरचा पुरुष. हात उंचावला की 2.26 मीटर. हे सहा फूट का, तर इंग्रजी रहस्यकथांतील देखणे पोलीस नेहमी तेवढेच उंच असतात, अशी मौज त्या श्रेणीच्या जन्मकथेतच नोंदलेली आहे. हा सहा फुटी पोलीस अहमदाबादच्या गिरणी कामगाराच्या घरात कितपत मावेल, हा प्रश्न पॅरिसच्या टेबलावर उद्‌भवण्याचे कारण नव्हते. तो उद्‌भवला 1954 नंतर, दोशी स्वदेशी परतल्यावर.

दोशींच्या घडणीतील निर्णायक वर्षे ही पॅरिसची नसून अहमदाबादच्या बांधकामांवरील आहेत, हा या लेखातील मुख्य मुद्दा आहे. मिलमालक संघाची इमारत (1954), सराभाई यांचे घर (1955), शोधन यांचे घर (1956) ही गुरूची कामे उभी राहताना ते देखरेखीस होते. नकाशा पॅरिसचा, सिमेंट, खडी, सेंटरिंगच्या फळ्या, कंत्राटदार आणि उन्हाळा मात्र येथला. मिलमालक संघाच्या इमारतीचा पश्चिमेकडील, रस्त्याच्या बाजूचा दर्शनी भाग पाहावा. तेथील ऊन अडविणारे काँक्रीटचे उभे पडदे तिरके बसविले आहेत, त्यामुळे मावळतीचे ऊन अडते आणि रस्त्यावरून आतले दिसत नाही. पूर्वेकडे, साबरमतीच्या बाजूला, तेच पडदे काटकोनात आहेत, म्हणजे नदीवरचा वारा आत यावा. कागदावर हा फरक एका कोनाचा आहे. परंतु तो कोन प्रत्यक्ष उतरविण्यासाठी साचे बांधणाऱ्या सुताराला तो पटवून द्यावा लागतो, आणि पटवून देताना तो का आहे हे स्वतःला नव्याने समजते. गुरूच्या चित्राचे गवंड्याच्या भाषेत रूपांतर करणे ही एक प्रकारची भाषांतरकाराची उमेदवारीच होय. आणि मूळ लेखकाच्या उणिवा भाषांतरकाराइतक्या दुसऱ्या कोणालाही कळत नाहीत, हे आमच्या विभागातील वाचकांना वेगळे सांगावयास नको.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण चरित्रपर लेखनात ती झाकली जाते. दोशींना लवकर कामे मिळाली याचे श्रेय त्यांच्या गुणांइतकेच अहमदाबाद शहरालाही आहे. त्या शहरात सराभाई, लालभाई, हठीसिंग अशी मोजकी गिरणीमालक घराणी होती. आपसांत नातेसंबंध, हाताशी पैसा, आणि नव्या संस्था उभारण्याची हौस. 1956 मध्ये दोशींनी ‘वास्तुशिल्प’ ही स्वतःची कचेरी काढली, तेव्हा तिच्या दाराशी हे आश्रयदाते आधीच उभे होते. हेच कौशल्य घेऊन दुसरा कोणी त्याच वर्षी दुसऱ्या एखाद्या शहरात परतला असता, तर त्याला काय बांधावयास मिळाले असते?

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू. वस्त्रोद्योग संशोधन करणाऱ्या ‘अटिरा’ या संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी दोशींनी 1957 ते 1960 या काळात स्वस्त घरे बांधली. समांतर भारवाही भिंती, त्यांवर विटांची कमानदार छते. ही घरे पाहताच सराभाई यांच्या घराची आठवण होते. तेथेही समांतर दालने आणि कमानदार छतेच आहेत. वर माती पसरून हिरवळ राखली आहे. म्हणून टीकाकारांनी ‘अटिरा’च्या घरांना गुरूची नक्कल ठरविले. नक्कल आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कशाची?

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) या ग्रंथातील लयविचार येथे लावून पाहण्यासारखा आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी कलाकृतीतील घटकांचे संबंध तपासावयाचे, तर दोन्ही ठिकाणी संवादलय एकच निघते. कमानीमागून कमान, सावलीमागून सावली. या कसोटीवर दोन्ही इमारतींत भेद करता येणार नाही, आणि केलाच तर तो सराभाई यांच्या घराच्या बाजूने जाईल, कारण तेथील प्रमाणे अधिक मोकळी आहेत. वास्तुकलेपुरता हा विचार अपुरा पडतो तो नेमका येथे. सराभाई यांच्या घरात कमानदार छत हे गारव्यासाठी आणि रूपासाठी निवडलेले आहे. धनिकाने पत्करलेला तो साधेपणा आहे. ‘अटिरा’त तेच छत आले याचे कारण सिमेंट आणि लोखंड यांची टंचाई होती, वीट व गवंडीकाम स्वस्त होते, आणि कमानीला सळया जवळजवळ लागत नाहीत. रूप तेच, हेतू निराळा. इमारतीचा हेतू हा तिच्या बाहेरचा लौकिक तपशील नसून तिच्या घटकांपैकीच एक आहे, असे मानल्याखेरीज या दोन छतांतील अंतर दिसत नाही. शब्दकलेतही असे घडते. ओवीचा छंद एकच, परंतु जात्यावरची ओवी आणि ग्रंथातील ओवी या एक नव्हेत.

तरीही ‘अटिरा’ला पूर्ण यश म्हणता येणार नाही. तेथे शिष्याने गुरूचे उत्तर घेतले व त्याला नवा प्रश्न जोडला. प्रश्न चांगला, आणि उत्तरही बऱ्याच अंशी लागू पडणारे. पण उत्तर आधीच हाती होते, ही जाणीव त्या ओळींमधून जात नाही. प्रश्नातून उत्तर निघाले असे जेथे प्रथम वाटते ती इमारत म्हणजे भारतीय विद्या संस्थेची (1962).

मुनी पुण्यविजयजी यांची प्रेरणा आणि कस्तुरभाई लालभाई यांचे साहाय्य यांतून निघालेल्या या संस्थेपुढील अडचण साधी व अवघड होती. जुन्या पोथ्यांना ऊन, दमट हवा आणि कीड यांपासून वाचवावयाचे. परंतु अभ्यासकाला त्या वाचण्यापुरता उजेडही हवा. दोशींनी जैन साधूंच्या उपाश्रयांचा विचार केला. जोते उंच उचलले, पोथ्यांची कोठारे अर्धवट जमिनीखाली घेतली, आणि वरच्या मजल्याला इमारतीच्या पूर्ण लांबीची खोल ओसरी दिली. सूर्याचे किरण आत शिरण्यापूर्वी सावलीत मुरतात. येथे काँक्रीट उघडेच आहे, कठड्यांची ठसठशीत आडवी रेघही पॅरिसच्या वळणाची आहे, आणि दुरून पाहणारा ही इमारत अजूनही शिष्याची म्हणेल. जवळ गेल्यावर मात्र तो डावा कौल द्यावा लागतो. गुरू ऊन अडविण्यासाठी भिंतीबाहेर पडदा उभारतो, म्हणजे ऊन हा त्याच्या दृष्टीने दाराशी आलेला शत्रू आहे. शिष्य ओसरी देतो, तिच्यात माणूस बसू शकतो. पडदा नुसता अडवितो, ओसरी राहावयास जागा देते. हा भेद अलंकाराचा नसून वास्तव्याच्या कल्पनेचा आहे. ओसरीला बाळबोध परंपराप्रेमाचा वास येतो, असा आक्षेप घेता येईल. आम्हांला तो मान्य नाही. ओसरी येथे आठवण म्हणून आलेली नाही. पोथीला आणि वाचकाला एकाच छपराखाली निरनिराळ्या मानाचा उजेड हवा होता, म्हणून आली.

1963 मध्ये पूर्ण झालेले, पत्नीचे नाव दिलेले ‘कमला’ हे दोशींचे स्वतःचे घर या मालिकेत वेगळे आहे. पोकळी राखून बांधलेल्या विटांच्या जोडभिंती, उघडे काँक्रीट, आटोपशीर मापे. आश्रयदाता नाही आणि गुरूही समोर नाही, त्यामुळे आवाज खालच्या पट्टीतला आहे. 1962 पासून दोशी भारतीय प्रबंध संस्थेच्या कामात लुई कान यांचे सहकारी होते, आणि त्याच वर्षी अहमदाबादच्या वास्तुकला विद्यालयाची स्थापना करून ते त्याचे पहिले संचालक झाले. म्हणजे एका गुरूच्या छायेतून बाहेर पडतानाच दुसऱ्या समर्थ कलावंताच्या सहवासात ते आले, आणि स्वतःची उमेदवारी पुरती संपण्यापूर्वीच शिक्षकही झाले. 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानंतर आपल्याकडे ‘वास्तुविशारद’ ही उपाधी नोंदणीने बांधली गेली आहे. अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचा नेमून दिलेला काळ, पदवी, मग नोंदणी, असा आजचा क्रम. दोशींच्या बाबतीत या साऱ्या पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. त्यांनी स्थापलेल्या विद्यालयात विद्यार्थ्यांना प्रथम नकाशा शिकवावा की बांधकामावर पाठवावे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. भारतीय विद्या संस्थेची ओसरी मापून काढण्यासाठी आजही विद्यार्थी जातात. टेप आणि वही घेऊन, बॅटलींच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच.