‘दत्तक’ आणि ‘सनद’ : शालेय धोरणातील दोन संज्ञा

महाराष्ट्र शासनाच्या १८ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने ‘दत्तक शाळा’ ही संज्ञा शासकीय मराठीत आणली. योजनेच्या अर्थकारणावर पुष्कळ वाद झाला. तिच्या नावाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. वस्तुतः योजनेतील उणीव प्रथम नावातच दिसते.

दत्तविधान हा मराठी समाजात तात्पुरता व्यवहार नव्हे. दत्तक गेलेले मूल जनककुळातून निघते, नव्या कुळाचे नाव व वारसा घेते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार झालेले वैध दत्तविधान रद्दही करता येत नाही. उपर्युक्त निर्णयाने यांतील केवळ नाव तेवढे उचलले. शाळा शासनाची वा स्थानिक संस्थेचीच राहते. शिक्षक व कारभार पूर्ववत असतो. देणगीदार रोख रक्कम न देता वस्तू व सेवा पुरवितो आणि त्याने सुचविलेले नाव पाच अथवा दहा वर्षांपुरते शाळेच्या नावास जोडता येते. दर स्थळानुसार ठरले: ‘अ’ व ‘ब’ वर्ग महापालिकांच्या क्षेत्रात २ व ३ कोटी रुपये, तर ‘ड’ वर्ग महापालिका, नगरपालिका व ग्रामीण भागात ५० लाख व १ कोटी. बुलडाणा जिल्ह्यात महापालिका नसल्याने खामगाव, मलकापूर यांसारखी शहरे आणि सिंदखेड राजा तालुक्यातील खेडी ही सर्व शेवटच्याच पायरीवर आली. मुदतीचे दत्तक हा शब्दप्रयोगच आत्मविरोधी आहे. त्याला नामफलकाचे भाडे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरले असते.

याच्या तुलनेस अमेरिकेतील ‘चार्टर’ शाळा घेता येतील. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये त्यांचा कायदा केला व १९९२ मध्ये सेंट पॉल येथे पहिली शाळा निघाली. पैसा सार्वजनिक, शुल्क नाही, चालक स्वतंत्र. परंतु करार ठरावीक वर्षांचा, आणि ठरलेले फळ न दिसल्यास नूतनीकरण नाही. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २००९ च्या पाहणीत गणितात १७ टक्के चार्टर शाळा नजीकच्या सरकारी शाळांहून सरस, तर ३७ टक्के कनिष्ठ ठरल्या. तथापि ‘कनिष्ठ’ म्हणण्याचा अधिकार त्या शब्दातच अंतर्भूत आहे.

मराठीतील संज्ञांत तो नाही. ‘अनुदानित’, ‘विनाअनुदानित’, २०१२ च्या कायद्यातील ‘स्वयंअर्थसहाय्यित’: ही सर्व विशेषणे पैसा कोठून येतो एवढेच सांगतात, शाळा मुलाला काय देणे लागते, याविषयी मौन पाळतात. ‘कायम विनाअनुदानित’ हे त्यांतील सर्वांत उद्बोधक. जुलै २००९ च्या शासन निर्णयाने त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळला, आणि एका अव्ययाच्या लोपाने हजारो शिक्षकांच्या वेतनाची आशा जागी झाली. प्रत्यक्ष वीस टक्के अनुदान मंजूर होण्यास २०१६ साल उजाडले. वऱ्हाडाला या शब्दाचे नवल वाटू नये. १९०२ मध्ये निजामाने हा प्रांत वार्षिक २५ लाख रुपयांवर इंग्रजांना ‘कायम’च्या पट्ट्याने दिला होता; तो पट्टा अर्धशतकही टिकला नाही.

‘चार्टर’साठी ‘सनदी शाळा’ हा प्रतिशब्द सुचू शकतो. पण मराठी कानाला सनद म्हटले की इनाम आठवते, वंशपरंपरेने चालणारे. घेणाऱ्याचा हक्क त्यात ऐकू येतो, उत्तरदायित्व नाही. ‘करारशाळा’ हा शब्द रुक्ष असला तरी अर्थाला अधिक जवळचा आहे. मुंबई व पुणे महापालिकांनी आपल्या काही शाळा स्वयंसेवी संस्थांकडे चालविण्यास दिल्या, त्या व्यवस्थेला तो शोभतो.

बुलडाण्यात मात्र केवळ शब्द बदलून भागणार नाही. करार मोडण्याचा धाक तेथेच खरा, जेथे चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी शाळा आहे. खामगावात ती मिळेल. संग्रामपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एकशाळी गावात करार संपला, तर मूल जाणार कोठे, याचे उत्तर कराराच्या पहिल्याच कलमात लिहावे लागेल.