वारली चित्रकलेचा उत्तरकाळ

एखाद्या कलेविषयीचे मत एकदा रूढ झाले म्हणजे ते पुन्हा तपासून पाहण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाही. डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांतील वारली चित्रकलेविषयी सुशिक्षित मंडळींत जे मत प्रचलित आहे, त्याची गत अशीच झाली आहे. ते मत थोडक्यात असे: कुडाच्या भिंतीवर, लग्नाच्या निमित्ताने, तांदळाच्या पिठाने काढले जात होते तोवर वारली चित्र हे खरे चित्र होते, १९७० नंतर ते कागदावर आले, प्रदर्शनात टांगले गेले, पैशाला विकले जाऊ लागले, आणि तेव्हापासून त्याचा ऱ्हास सुरू झाला. पूर्वकाळ तेवढा सोवळा, उत्तरकाळ तेवढा बाटलेला. ह्या मताचा फेरविचार व्हावयास हवा असे आम्हांस वाटते. त्यात सत्याचा अंश नाही असे नव्हे. परंतु तो भलत्याच जागी दाखविला जातो, आणि खरी हानी जेथे झाली तेथे आक्षेपकांची दृष्टी पोचतच नाही.

प्रथम पूर्वकाळाचे स्वरूप पाहू. वारल्यांच्या घरी लग्न ठरले म्हणजे भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवावयाची, तांदूळ वाटून त्याचे पातळ पीठ करावयाचे, आणि बांबूची काडी चावून तिच्या टोकाचा कुंचला करून चौक लिहावयाचा, असा परिपाठ होता. चौक लिहिणे हे सवाशिणींचे काम. चौकाच्या चौकटीत पालघाट देवीची स्थापना असते. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे आणि वऱ्हाड. धवलेरी लग्नाची गाणी गाऊन विधी चालवते. चौकावाचून लग्न लागत नाही. हे चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांस सुख व्हावे म्हणून काढलेले नव्हते. देवीने घरी यावे म्हणून तिला मांडलेला तो पाट होता. कार्य आटोपले की त्याचे प्रयोजनही आटोपे. धुराने, पावसाने, पुढल्या सारवणाने ते पुसले जाई आणि त्याची खंत कोणास वाटत नसे.

हे सारे सुंदर आहे, ह्यात संशय नाही. मात्र ह्या सौंदर्याची महती गाताना आमचे रसिक ती भिंत कोणाच्या घराची होती हे विसरतात. ज्या काळास ते निर्मळ म्हणतात त्या काळी ह्याच मुलुखात 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडेसे कर्ज काढावयाचे आणि त्यापायी नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्या घरी राबावयाचे, असा तिचा अर्थ. वेठ आणि लग्नगडी ह्यांविरुद्ध १९४५ साली तलासरीकडील झरी गावी हजारो वारली जमले; गोदावरी आणि शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला त्याची हकीकत गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तेव्हा ज्या लग्नाच्या चौकाचे आम्ही कौतुक करतो त्याच लग्नाने कित्येक जोडप्यांच्या मानेवर जू ठेवले, हेही ध्यानात घेणे प्राप्त आहे. त्यामुळे चौकाची किंमत कमी होत नाही. परंतु त्या चित्रास पैशाचा स्पर्श नव्हता, हे म्हणणे खरे ठरत नाही. पैसा तेव्हाही होता. तो फक्त चित्र काढणाऱ्यांच्या हाती येत नव्हता.

उत्तरकाळाचा आरंभ १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. अखिल भारतीय हस्तकला मंडळातर्फे चित्रकार भास्कर कुलकर्णी ह्या भागात आले, आणि त्यांच्या प्रयत्नाने वारल्यांच्या हाती कागद पडला. त्यातून जे नाव सर्वांत मोठे झाले ते जिव्या सोमा मशे ह्यांचे. ते जन्माने तलासरी तालुक्यातील धामणगावचे. पुढे डहाणू तालुक्यात गंजाडजवळ कळंबीपाडा येथे स्थायिक झाले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे मांडली गेली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिस येथील जगभरच्या कलावंतांच्या विख्यात प्रदर्शनात स्थान, २०११ साली पद्मश्री, असा त्यांचा लौकिक वाढत गेला. २०१८ च्या मे महिन्यात ते निवर्तले. आक्षेपकांच्या दृष्टीने ही बाजाराच्या विजयाची कथा. आमच्या मते ती आधी चित्रांकडे पाहून ठरविली पाहिजे.

चित्रे काय सांगतात? चौकाची रचना स्थिर आहे. ती तशी असणे आवश्यकही आहे, कारण देवीचे आसन डळमळून चालत नाही. मशे ह्यांच्या कागदावरील चित्रांत नेमके हे स्थैर्य सुटते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेला तोच माणूस, तीच काडीसारखी हातपाये. पण तो माणूस आता धावतो, वाकतो, ओढतो, पेरतो. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळ्याची बारीक वीण कागदभर पसरलेली असते. ओळीमागून ओळ, घरामागून घर, आणि त्या अफाट पसाऱ्यात माणूस अगदी लहान. वारुळाच्या चित्रात मुंग्यांच्या ठिपक्यांनी सारे पान सळसळू लागते. त्रिमितीचा आभास नाही, छाया नाही, दुसरा रंग नाही. केवळ रेघ आणि ठिपका ह्यांवर चित्र हलते ठेवण्याची ही करामत आहे. हे चौकात घडू शकले नसते. कुडाची खडबडीत भिंत आणि लग्नाचा ठरलेला मुहूर्त ह्यांच्या मर्यादेत इतकी सूक्ष्म वीण विणण्यास ना जागा होती ना सवड. कागदाने आणि त्या कागदाला गिऱ्हाईक मिळाले ह्या गोष्टीने ती सवड दिली. ज्यास आपण ऱ्हासाचे कारण म्हणतो तेच येथे विकासाचे निमित्त झाले. चिखलाने आणि वर्तुळांनी काम करणारे इंग्रज शिल्पकार रिचर्ड लाँग ह्यांच्या कृतींसमवेत मशे ह्यांची चित्रे २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात मांडली गेली, ती दयाबुद्धीने नव्हे. दोघांची भाषा एकमेकांस कळण्याजोगी होती म्हणून.

तथापि उत्तरकाळाचे सारेच समर्थनीय आहे असे आमचे म्हणणे नाही. तारप्याच्या नाचाचे उदाहरण घ्या. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान ह्यांपासून केलेले तारपा हे वाद्य. वादक मध्ये, आणि एकमेकांस धरून त्याच्याभोवती फिरणारी माणसांची साखळी. तारप्याकडे पाठ करावयाची नाही, आणि वादकाने सूर पालटला की पावलेही पालटावयाची, हा त्या नाचाचा दंडक. जाणत्या हाताने काढलेल्या चित्रात ही साखळी जिवंत असते: कोणाचे पाऊल पुढे, कोणाची मान कलती, साखळीचे शेपूट मोकळे आणि थोडेसे ओढले गेलेले. आता हेच चक्र पेल्यावर, पिशवीवर, पडद्यावर, हॉटेलच्या भिंतीवर छापलेले पाहा. एकच मनुष्याकृती ठशासारखी पुन्हा पुन्हा उमटलेली. पुष्कळदा मधला वादकच नाहीसा झालेला. नाच आहे, पण कशाच्या तालावर हे चित्र सांगत नाही. येथे आक्षेपकांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते.

परंतु ह्यावरून विक्री हाच दोष, असा निष्कर्ष निघत नाही. राजा रविवर्मा ह्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या देवदेवतांची चित्रे घरोघर गेली. त्यांची तैलचित्रेही पैसे घेऊनच काढलेली होती. राजेरजवाडे हे गिऱ्हाईकच. तरी तैलचित्र आणि भिंतीवरचे तसबिरीतले छापील चित्र ह्यांत आम्ही भेद करतो, तो किमतीचा नव्हे, हाताचा. एकात चित्रकाराचा निर्णय रेघेरेघेत हजर असतो. दुसऱ्यात तो एकदाच झालेला असतो आणि पुढे यंत्र चालते. वारली चित्रासही हीच कसोटी लावावी. मशे ह्यांचे जाळे विकले गेले म्हणून हलके होत नाही, आणि पेल्यावरचे चक्र फुकट वाटले तरी भारी होत नाही.

आता खऱ्या हानीकडे वळू. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी होत्या हे आम्ही वर सांगितले. कागदावरील वारली चित्रांच्या पहिल्या पिढीत जी नावे गाजली ती मात्र बहुतेक पुरुषांची. हे अपरिहार्य होते काय? नव्हते, आणि ह्याचा पुरावा दूर शोधावयास नको. हेच भास्कर कुलकर्णी वारली मुलुखात येण्यापूर्वी, १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळाच्या वेळी, पुपुल जयकर ह्यांच्या सांगण्यावरून मधुबनीस गेले होते. तेथेही लग्नाच्या कोहबर घराच्या भिंती स्त्रियाच रंगवीत. तेथे कागद त्या स्त्रियांच्या हाती गेला, आणि बाजार आला तरी कुंचला त्यांच्याच हाती राहिला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ह्यांस १९७५ ते १९८४ ह्या काळात पद्मश्री मिळाली, ती त्यांच्या स्वतःच्या नावाने. म्हणजे व्यापार दोन्हीकडे आला. एकीकडे त्याने स्त्रीला घराबाहेर ओळख दिली, दुसरीकडे तिच्याच विद्येची ओळख दुसऱ्याच्या नावे झाली. मशे ह्यांची थोरवी ह्याने उणी होत नाही. परंतु 'वारली चित्रकार' म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो, आणि चौक लिहिणाऱ्या बाईस आम्ही चित्रकार न म्हणता 'परंपरा' म्हणतो, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. परंपरेस मानधन द्यावे लागत नाही.

नावाचा हा प्रश्न पुढेही सुटलेला नाही. २०१४ साली वारली चित्रास भौगोलिक संकेताची नोंद मिळाली. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. ही नोंद स्वागतार्ह आहे. पण तिने रक्षण होते ते प्रदेशाच्या आणि समाजाच्या नावाचे. अमुक रेघ अमुक हाताची, हे ती सांगत नाही. कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नसेल तर आम्ही ती विकत घेणार नाही. घरातल्या भिंतीवरचे वारली चित्र मात्र कोणाचे हे बहुतेकांनी कधी विचारलेलेही नसते. उत्तरकाळाचा दोष दाखवावयाचा तर तो येथे दाखवावा. आणि तो करणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचा अधिक आहे.

नव्या पिढीकडे पाहिले म्हणजे आमच्या म्हणण्यास दुजोरा मिळतो. गंजाडचेच राजेश चैत्या वांगड ह्यांनी २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल ह्यांच्याबरोबर जे काम केले त्याचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. गिल ह्यांनी त्या परिसराची कृष्णधवल छायाचित्रे घेतली आणि त्या छायाचित्रांवर वांगड ह्यांनी शाईने वारली रेघांची वस्ती वसविली. छायाचित्रात रिकामी दिसणारी टेकडी रेघांनी भरून जाते: देव, माणसे, पशू, आठवणी, आलेली संकटे. यंत्राने जे पाहिले त्यात जे दिसत नव्हते ते काडीच्या माणसांनी सांगितले. ही कृती चौकाची नक्कल नव्हे आणि बाजाराचा ठसाही नव्हे. चौक लिहिणारी बाई आपल्या भोवतीच्या जगास देवीपुढे मांडीत असे. ह्या चित्रांतही भोवतीचे जगच मांडले आहे, फक्त देवीच्या जागी आता पाहणारा उभा आहे.

तात्पर्य, वारली चित्रकलेच्या उत्तरकाळास सरसकट बाटलेला म्हणून बाजूस सारणे हा आळस आहे, आणि सरसकट डोक्यावर घेणे हाही आळसच. त्यात मशे ह्यांच्या जाळ्यासारखी, पूर्वकाळास साध्य न झालेली चित्रे आहेत; त्यात निर्जीव छापही ढीगभर आहेत; आणि त्यात चौकाच्या लेखिकांचे न फेडलेले ऋण आहे. पहिल्यांचा सन्मान करावा, दुसऱ्यांस नकार द्यावा, आणि तिसऱ्याची फेड आपल्या हातून जेवढी होईल तेवढी करावी. ती अवघड नाही. पुढल्या वेळी डहाणूकडे जाऊन एखादे चित्र विकत घेताना ते कोणी काढले हे विचारावे, ते नाव कागदाच्या पाठीवर लिहून घ्यावे, आणि घरातल्या बाईने त्यात किती रेघा ओढल्या हेही विचारण्यास विसरू नये.