चांगल्या आज्ञेचा कैदी

पौलाच्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय मोठ्याने वाचावा. ते पत्र मुळात बोलूनच लिहिले गेले. इ.स. ५७च्या सुमारास करिंथमध्ये पौल सांगत होता आणि तर्तियुस नावाचा लेखनिक उतरवून घेत होता. शेवटच्या अध्यायात हा लेखनिक स्वतःच्या नावाने रोमच्या मंडळीला सलाम सांगतो. पहिल्या सहा अध्यायांत पौलाची वाणी कसलेल्या वादपटूची आहे. शंका उभी करायची, तिचा निकाल लावायचा, पुढे सरकायचे. सातव्यात मात्र वाद घालता घालता आवाज बदलतो. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ मागे पडतात, ‘मी’ पुढे येतो आणि अध्याय संपेपर्यंत जागचा हलत नाही.

आरंभीचा नवरा-बायकोचा दृष्टान्त मला फारसा भावत नाही. नवरा मेला की बायको त्याच्या बंधनातून मोकळी, इथवर ठीक. पण अर्थ लावताना मरणारा बदलतो आणि दृष्टान्त अडखळतो. खरा अध्याय सुरू होतो सातव्या वचनापासून. नियमशास्त्र आले आणि अपराध वाढला, असे पौल पाचव्या अध्यायात म्हणून गेला होता. मग नियमशास्त्रच पाप म्हणायचे का? सीनाय पर्वतावरून आलेल्या आज्ञांवर वाढलेल्या पौलासारख्या परूश्याला हा प्रश्न नुसता तोंडावर आणणेही जड गेले असेल.

उत्तरासाठी तो दहा आज्ञांतली शेवटची निवडतो, इथे त्याची प्रतिभा दिसते. खून, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष यांना कोणीतरी बघणारा, ऐकणारा असतो. परक्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, या आज्ञेच्या भंगाला साक्षीदारच नाही. बाहेरून निष्कलंक असलेला माणूस नेमका इथे सापडतो. आणि पौल तसा माणूस होता: नियमशास्त्राच्या हिशेबाने आपल्यावर बोट ठेवायला जागा नव्हती, असे त्याने फिलिप्पैकरांना लिहिले आहे.

यानंतर पाप हे एखाद्या पात्रासारखे रंगमंचावर येते. ते संधी साधते, आज्ञेलाच आपला तळ करते, फसवते आणि ठार मारते. मनाई झाली की मनाई केलेली वस्तू गोड लागू लागते, हा अनुभव ऑगस्टीनने पुढे आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये उलगडला. वयाच्या सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर रात्री चोरलेली नासपतीची फळे. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. गोडी फळात नव्हती, निषिद्ध कृत्यात होती. पौलाने मात्र एक गोष्ट हट्टाने सांभाळली आहे. आज्ञा पवित्र आहे, न्याय्य आहे, चांगली आहे. आज्ञेला दोषी ठरवून सुटायची वाट तो स्वतःच बंद करतो, आणि म्हणूनच पुढची कोंडी इतकी खरी होते.

चौदाव्या वचनाशी भूतकाळ संपून वर्तमानकाळ लागतो. आता गोष्ट सांगणे थांबले, गोष्ट घडते आहे. इच्छा करतो ते करत नाही, ज्याचा तिटकारा तेच करतो, हे एकदा सांगून भागले असते. पौल ते जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा सांगतो, दोनदा निष्कर्ष काढतो आणि दोन्ही वेळा मूळ जागीच येऊन उभा राहतो. वाचणाऱ्याचा श्वास या वाक्यांत अडकतो. करणारा मी नव्हे, माझ्यात वस्तीला असलेले पाप, हे ऐकून ही पळवाट आहे असे वाटते. पण पळवाट सापडलेला माणूस पुढच्या चार वचनांत सुटकेसाठी आक्रोश करील का?

हा ‘मी’ कोण, यावर पिढ्या भांडल्या आहेत. विश्वासात येण्याआधीचा, नियमाखालचा माणूस, असे ऑगस्टीन आधी मानत असे. माणूस स्वबळावर निष्पाप राहू शकतो, या पेलागियसच्या मताशी झगडताना त्याचे मत पालटले आणि त्याला यात संतांचाही आवाज ऐकू आला. ल्यूथरने तीच वाट धरली. १९६३ साली क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश धर्मपंडिताने उलट बाजू मांडली: पश्चिमेने आपली व्याकूळ सदसद्विवेकबुद्धी पौलावर लादली आहे, पौलाला खरी चिंता नियमशास्त्राच्या बचावाची होती. बचावाचा मुद्दा मला पटतो. पण देवाच्या नियमात ज्याचे अंतर्याम आनंद मानते, तो माणूस देवापासून दूरचा असेल, हे पटत नाही. मी ऑगस्टीनच्या उत्तरवयातल्या वाचनाकडेच जातो.

स्वतःला पतित म्हणणारा आवाज मराठी कानाला परका नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक सांगत. तरी एक फरक मला फार जाणवतो. तुकोबा स्वतःला कितीही बोल लावोत, समोर विठ्ठल आहे. त्याच्याशी भांडता येते. पौलाच्या या ‘मी’समोर कोणीच नाही. सातव्यापासून तेविसाव्या वचनापर्यंत ख्रिस्ताचे नाव नाही, पवित्र आत्म्याचा उल्लेख नाही. चांगला नियम आहे, चांगली इच्छा आहे, अवयवांत दुसरा नियम युद्ध करतो आहे, आणि तिघांच्या मधे हा एकटा. आठव्या अध्यायात आत्म्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा ही पोकळी किती हिशेबाने ठेवली होती ते कळते.

म्हणून चोविसाव्या वचनातली आरोळी उपाय विचारत नाही, माणूस विचारते: या मरणाच्या देहातून सुटका करणारा कोण? लगेच ख्रिस्ताच्या द्वारे देवाचे आभार येतात. इथे अध्याय संपता तर तो सुबक झाला असता. पण आभारानंतर आणखी एक वाक्य आहे: मनाने देवाच्या नियमाची चाकरी, देहस्वभावाने पापाच्या नियमाची. हे वाक्य चुकून इथे आले, ते आरोळीच्या आधी हवे, असे काही अभ्यासकांना वाटले. मला ते आहे तिथेच हवे. आभार मानून झाल्यावरही पौलाने झगडा मिटल्याचे नाटक केले नाही. सुटकेचे नाव उच्चारले आणि त्याच दमात आपली दुभंगलेली चाकरीही कबूल केली.