दरपत्रक : एक रसग्रहण

आमच्या समीक्षकांनी लॉजच्या दरपत्रकाची फार उपेक्षा केली आहे. मुलांना मुंबई दाखवायला गेलो, तेव्हा दादरच्या एका लॉजवर हा वाङ्मयप्रकार मी प्रथमच मन लावून वाचला. ‘डबल रूम रु. २००० पासून.’ सगळं काव्य त्या ‘पासून’मध्ये! पुढे जादा गादी, एसी, कर... शोकांतिका चढतच जाते. हजारापर्यंतच्या खोलीवर १७ जुलै २०२२ पर्यंत जीएसटी नव्हता. तेवढाच विनोद होता, तोही गेला.

“अहो, चौघांचे एकूण किती, ते विचारा की!” ही म्हणाली.

‘एकूण’ हा शब्दच त्या कृतीत नव्हता. खरी समीक्षा हीच! चार दिवसांची मुंबई आम्ही दोन दिवसांत आटोपली. समुद्र मात्र पोरांनी पोटभर पाहिला. त्याला दरपत्रक नव्हतं.