“युद्धाने बायकांना घराबाहेर काढलं”: कशावरून?

मागच्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी पहिल्याच स्लाइडवर ते प्रसिद्ध चित्र लावलं होतं. तुम्हीही ते पाहिलं असेल. डोक्याला ठिपक्यांचा लाल रुमाल, निळ्या शर्टाची बाही वर सारलेली, दंड दाखवणारी अमेरिकन कामगार बाई. खाली मी लिहिलं होतं: “दुसऱ्या महायुद्धाने स्त्रियांना घराबाहेर काढलं आणि त्या परत गेल्या नाहीत.”

मागच्या बाकावरून एका सरांनी एकच शब्द विचारला, “कशावरून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संख्याशास्त्रात एमएस्सी केलेल्या मुलीला हा प्रश्न पडला नाही, याची जास्त लाज वाटली. प्रस्तावातलं ते प्रकरण परत आलं आणि पुढचे दोन महिने मी या एका वाक्याच्या मागे लागले. तुम्ही सध्या प्रस्ताव लिहीत असाल, तर माझे दोन महिने तुमच्या उपयोगी पडावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी चित्राबद्दल. ते जे. हॉवर्ड मिलर यांनी १९४३ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढलं. ते कंपनीच्याच कारखान्यांत, आधीच कामावर असलेल्या लोकांसमोर, थोडे दिवस लावलेलं होतं. घरी बसलेल्या बायकांना बोलावण्यासाठी ते नव्हतंच. घरोघरी ते पोहोचलं १९८० च्या दशकात. म्हणजे माझा “पुरावा” चाळीस वर्षांनी प्रसिद्ध झालेला होता!

आता खरा प्रश्न. १९४० ते १९५० या काळात अमेरिकेत नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रिया वाढल्या, यात वाद नाही. पण मध्ये युद्ध झालं म्हणून ती वाढ युद्धामुळेच झाली, असं म्हणता येईल का? या प्रश्नावरचे तीन शोधनिबंध ओळीने वाचा. यातल्या दोहोंत क्लॉडिया गोल्डिन आहेत. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच.

पहिला निबंध १९९१ चा, गोल्डिन यांचा. १९४४ आणि १९५१ च्या दोन सर्वेक्षणांत बायकांना आधीच्या नोकऱ्यांबद्दल विचारलं होतं, ती माहिती त्यांनी वापरली. १९५० मध्ये काम करणाऱ्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त १९४० मध्येही कामावर होत्या. त्या दशकात नव्याने आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त युद्ध संपल्यावर आल्या. युद्धात आलेल्या बऱ्याच जणी १९५० च्या आधीच काम सोडून गेल्या. निष्कर्ष: युद्धाचा थेट परिणाम बेताचाच.

इथे एक बारकावा शिकण्यासारखा आहे. जनगणनेचे दोन आकडे शेजारी ठेवले तर फक्त फरक दिसतो. कोण आलं, कोण गेलं, कोण टिकलं, हे कळायला त्याच व्यक्तीचा इतिहास लागतो. पण माझा आक्षेपही नोंदवून ठेवा. आठवणीवर आधारलेली माहिती चुकू शकते. शिवाय युद्ध झालं नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर अशा वर्णनातून मिळत नाही.

ते उत्तर शोधायचा प्रयत्न दुसऱ्या निबंधात आहे. असेमोग्लू, ऑटर आणि लाइल, २००४. त्यांची युक्ती साधी आहे. पुरुषांची सैन्यभरती सगळ्या राज्यांत सारखी झाली नव्हती. पात्र पुरुषांपैकी कुठे ४१ टक्के गेले, तर कुठे ५४ टक्के. मग जिथून जास्त पुरुष गेले, तिथे बायका जास्त कामाला लागल्या का? १९५० मध्ये हो. १९४० मध्ये मात्र असा फरक नव्हता. ही १९४० ची तपासणी फार महत्त्वाची आहे. आधीपासूनच फरक असता, तर सगळा डोलारा कोसळला असता. तरी एक शंका राहते. शेतकऱ्यांना भरतीतून सूट मिळत असे, त्यामुळे शेतीप्रधान राज्यांत भरती कमी होती, आणि ही राज्यं इतर बाबतींतही वेगळी होती. लेखकांनी शेती, वंश, शिक्षण हे घटक हिशेबात धरले आहेत. पण न मोजलेलं काही उरलं नाही ना, हे राज्यांच्या तुलनेतून पूर्ण सिद्ध होत नाही.

मला सगळ्यात आवडला तो तिसरा निबंध, २०१३ चा. गोल्डिन यांनी क्लॉडिया ऑलिव्हेटी यांच्यासोबत तोच प्रश्न पुन्हा उघडला, या वेळी भरतीच्या प्रमाणाची पद्धत घेऊन. बावीस वर्षांपूर्वीचं स्वतःचं उत्तर पुन्हा तपासायला बसणं सोपं नाही हो! त्यांना परिणाम दिसला, पण सगळ्यांवर सारखा नाही. तो मुख्यतः शिक्षणाच्या वरच्या अर्ध्या भागातल्या विवाहित स्त्रियांवर होता.

आता पुन्हा माझ्या स्लाइडकडे या. कारखान्यातली ती रुमालवाली बाई परिणामाचं प्रतीक म्हणून मी लावली होती. टिकाऊ परिणाम मात्र जास्त शिकलेल्या स्त्रियांवर दिसतो. ऑफिस आणि शाळा हीच त्यांची नेहमीची कामाची ठिकाणं. शाळांचंच पाहा. १९४२ मध्ये ८७ टक्के शालेय मंडळं विवाहित स्त्रीला शिक्षिका म्हणून घेत नसत. १९५०-५१ मध्ये हे प्रमाण १८ टक्क्यांवर आलं. दार उघडं राहिलं तर माणूस आत टिकतो. उलट युद्धकाळात सरकारी पैशावर चाललेल्या पाळणाघरांचा केंद्राचा निधी १९४६ मध्ये थांबला. लहान मुलांच्या आईसाठी तेवढं दार बंद झालं.

तरी तिसऱ्या निबंधावरही माझा एक आक्षेप आहेच. त्याचे मुख्य निष्कर्ष गोऱ्या, विवाहित, शेतीबाहेरच्या स्त्रियांबद्दल आहेत. लेखिकांनी ते स्पष्ट लिहिलंय, दोष त्यांचा नाही. पण आपण उद्धृत करताना सरळ “स्त्रिया” असं लिहून मोकळे होतो. कृष्णवर्णीय स्त्रिया युद्धाआधीही मोठ्या प्रमाणात कामावर होत्या, पुष्कळ जणी दुसऱ्यांच्या घरी. त्यांच्यासाठी युद्धाचा प्रश्न “काम की घर” असा नव्हता. “कोणतं काम आणि किती पगार” असा होता. कामावर आहे की नाही एवढंच मोजलं, तर हा बदल दिसणारच नाही.

म्हणून तुमच्या प्रस्तावात “अमुक घटनेमुळे स्त्रियांचं जीवन बदललं” असं वाक्य आलं, की तिथे थांबा आणि तीन प्रश्न विचारा. कोणत्या स्त्रियांचं? किती काळ? कशाच्या तुलनेत?

माझं ते वाक्य आता असं आहे: “अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाचा विवाहित गोऱ्या स्त्रियांच्या नोकरीवर टिकाऊ परिणाम झाला, पण तो मुख्यतः जास्त शिकलेल्यांवर, आणि त्या दशकातली बरीचशी वाढ युद्धानंतरची होती.” वाचायला रुक्ष आहे, मान्य. टाळ्या पडणार नाहीत. पण परवा त्याच सरांनी पुन्हा “कशावरून?” विचारलं, तेव्हा मी वीस मिनिटं बोलले.

चित्र अजून स्लाइडवर आहे. फक्त आता त्याच्याखाली प्रश्नचिन्ह आहे.